कुंपण म्हणजे परिमितीच, असे कोणी सांगितले?

पाचवीच्या वर्गाच्या भिंतीवर, शिष्यवृत्तीच्या क्लासात किंवा गाइडच्या आतल्या पानावर एक तक्ता हमखास भेटतो. एका बाजूला कुंपण, तार, झालर, कडा, काठ, मैदानाच्या फेऱ्या, त्यांच्यापुढे 'परिमिती'. दुसऱ्या बाजूला फरशी, रंग, सतरंजी, काच, पेरणी, गवत, त्यांच्यापुढे 'क्षेत्रफळ'. उदाहरण वाचायचे, त्यातला खूणशब्द हेरायचा, तक्त्याप्रमाणे सूत्र काढायचे आणि दिलेले दोन आकडे त्यात टाकायचे. पुष्कळ मुलांना हा तक्ता पाढ्यांसारखा तोंडपाठ असतो. घटक चाचणीत त्याने गुणही मिळतात, म्हणून पालक खूश असतात आणि त्याविरुद्ध बोलणारा उगाच खुसपटे काढणारा ठरतो.

तो शिक्का बसणार हे गृहीत धरूनच लिहितो आहे. तक्त्याचा कैवार घेणाऱ्यांना मी अडाणी समजत नाही. त्यांतले बरेच जण वर्षानुवर्षे चाळीस-पन्नास मुलांचा वर्ग सांभाळणारे शिक्षक आहेत आणि त्यांचे म्हणणे साधारण असे असते: परीक्षेत वेळ मोजका, प्रश्न पर्यायी, तिथे विचार करत बसणारे मूल मागे पडते. शिवाय वर्गातली कितीतरी मुले घरी वेगळीच बोली बोलतात. पुस्तकी मराठीतली तीन ओळींची वाक्ये त्यांना झेपत नाहीत, त्यांना काहीतरी आधार हवाच. आणि शेवटचे, जरा वैतागून सांगितले जाणारे कारण म्हणजे ही शाब्दिक उदाहरणे मुळातच खोटी असतात. कोणता शेतकरी आयताकृती शेताला प्रतिमीटर इतके रुपये दराने तार लावायला निघतो? खोट्या प्रश्नाला युक्तीने उत्तर दिले तर बिघडले काय?

या तिन्ही कारणांत वरवर पाहता तथ्य दिसते. पण त्यांच्याकडे वळण्याआधी एक साधी गोष्ट तपासायला हवी, जी तपासण्याचे कष्ट कोणी घेत नाही. तक्ता बरोबर आहे का?

'फरशी म्हणजे क्षेत्रफळ' ही तक्त्यातली सर्वांत भरवशाची ओळ. तीच घेऊ. साडेअकरा फूट बाय साडेअकरा फूट खोली आहे आणि दोन बाय दोनच्या टाइल्स बसवायच्या आहेत. क्षेत्रफळ १३२.२५ चौरस फूट, एका टाइलचे ४, म्हणजे भागाकार ३३ च्या किंचित वर. तक्तावाला विद्यार्थी ३४ टाइल्स सांगेल. फरशी बसवणारा मिस्त्री ३६ सांगेल आणि फुटतुटीसाठी वर दोन-चार मागेल. तो फसवत नाही. एका ओळीत पाच टाइल्स पूर्ण बसतात, मग दीड फूट उरते. त्या दीड फुटासाठी सहावी टाइल कापावी लागते आणि हातात राहते ती सहा इंचांची पट्टी दुसऱ्या कडेच्या दीड फुटाला पुरत नाही. तीन पट्ट्या जोडून तिथे बसवल्या तर घरमालक मिस्त्रीला उभे करणार नाही. म्हणून सहा ओळी, प्रत्येकीत सहा.

काम इथेच संपत नाही. भिंतीच्या पायाला चार इंच उंचीचे स्कर्टिंग लागते. त्याचा हिशेब मिस्त्री रनिंग फुटात करतो: चार भिंती मिळून ४६ फूट, तीन फुटांचे दार वजा, राहिले ४३. म्हणजे ज्या 'फरशी'ने तक्त्यात क्षेत्रफळाची जागा पटकावली, त्याच फरशीच्या कामात परिमितीही आहे आणि तीही दाराएवढी कमी. हुशार मिस्त्री पुढे काय करतो ते तर कोणत्याच तक्त्यात मावत नाही. कडेच्या टाइल्स कापताना दोन फूट लांबीच्या, सहा इंच रुंद अशा ज्या दहा पट्ट्या उरल्या, त्या चार इंचांवर तासून तो स्कर्टिंगला लावतो. वीस फूट तिथेच भागतात. उरलेल्या २३ फुटांसाठी दोन नव्या टाइल्स पुरतात, कारण एका टाइलमधून सहा पट्ट्या, म्हणजे बारा फूट स्कर्टिंग निघते. छत्तीस आणि दोन, अडतीस टाइल्स. क्षेत्रफळातून उरलेले परिमितीत जिरले. पाचवी-सहावीच्या मुलाला यातले काहीही अवघड नाही. फक्त खोली डोळ्यांपुढे उभी करावी लागते.

आता उलट बाजू. 'तार, दोरी, नळी म्हणजे परिमिती.' ६० मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद शेतात लांबीच्या दिशेने, दीड-दीड मीटर अंतरावर ठिबकच्या नळ्या टाकायच्या आहेत. किती मीटर नळी लागेल? विचारली आहे लांबी, उत्तर येणार मीटरमध्ये, आणि प्रश्नात 'नळी'. तक्ता छातीठोकपणे २१० मीटर सांगतो. प्रत्यक्षात ४५ मीटरच्या रुंदीत दीड मीटरचे ३० पट्टे बसतात, प्रत्येक पट्ट्याला ६० मीटरची एक नळी, म्हणजे १८०० मीटर. आणि गंमत अशी की क्षेत्रफळ २७०० ला दीडने भागले तरी १८०० च येतात. लांबीचे उत्तर क्षेत्रफळातून निघाले. आज ठिबक नाही असे गाव महाराष्ट्रात शोधावे लागेल. त्याच शेताला रानडुकरांसाठी झटका मशीनची तार ओढायची तर मात्र ती भोवतीने जाईल आणि तिचे तीन पदर असतील तर २१० ला तिनाने गुणावे लागेल. नळी आणि तार, दोन्ही लांबच लांब वस्तू, शेत तेच. कोणता हिशेब कुठे करायचा हे वस्तूच्या नावात लिहिलेले नसते. ती वस्तू शेतात कशी पडते त्यावरून ते ठरते.

माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचा कस लागतो तो रस्त्याच्या उदाहरणात. ते आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या विचारले जाते आणि पिढ्यान्‌पिढ्या चुकते, म्हणून तिथे जरा रेंगाळतो. ४० मीटर लांब आणि २५ मीटर रुंद बाग. तिच्याभोवती बाहेरून २ मीटर रुंदीचा रस्ता. रस्त्याचे क्षेत्रफळ काढा. 'भोवती' परिमितीकडे ओढते, 'रस्ता' क्षेत्रफळाकडे. बिचारे मूल दोघांनाही खूश करते: परिमिती १३०, गुणिले २, उत्तर २६०. बरोबर उत्तर २७६ आहे. बाहेरचा आयत ४४ बाय २९, म्हणजे १२७६. त्यातून बागेचे १००० वजा. चुकलेले १६ चौरस मीटर कुठे गेले? चार कोपऱ्यांत. प्रत्येक कोपऱ्यावर २ बाय २ चा एक चौकोन रस्त्यात आहे, पण बागेच्या कोणत्याच बाजूला तो लागून नाही. परिमिती चालत जाणाऱ्याला तो दिसतच नाही.

रस्ता बागेच्या आतून काढला तर? आतला आयत ३६ बाय २१, म्हणजे ७५६, रस्ता २४४. या वेळी २६० हे उत्तर १६ ने जास्त ठरते, कारण आता कोपरे दोनदा मोजले गेले. म्हणजे २६० दोन्हींच्या बरोबर मध्ये. मग २६० हे कशाचेच उत्तर नाही का? आहे. रस्त्याची मधली रेघ बागेच्या हद्दीवरून गेली, एक मीटर आत आणि एक मीटर बाहेर, तर बाहेरचा आयत ४२ बाय २७, आतला ३८ बाय २३. ११३४ वजा ८७४, चोख २६०. मुलाचे उत्तर चुकीचे नव्हते, ते दुसऱ्याच रस्त्याचे होते. वर्गात हे एवढे फळ्यावर काढून दाखवायला पंधरा मिनिटे लागतात आणि त्या पंधरा मिनिटांत परिमिती, क्षेत्रफळ आणि कोपरा यांचे नाते जितके उघडे होते तितके पन्नास उदाहरणे घोकून होत नाही.

गाइडमध्ये याऐवजी दोन सूत्रे असतात. रस्ता बाहेरून असेल तर दोन गुणिले रुंदी गुणिले कंसात लांबी अधिक रुंदी अधिक रस्त्याच्या रुंदीची दुप्पट. आतून असेल तर शेवटचे चिन्ह वजा. दोन्ही सूत्रे बरोबर आहेत, पडताळून पाहा. पण मुलाला आता दोन सूत्रे, दोन चिन्हे आणि 'बाहेरून-आतून' हे दोन नवे खूणशब्द एवढे लक्षात ठेवायचे आहे. मग प्रश्नात लांबीला समांतर आणि रुंदीला समांतर असे दोन रस्ते मधोमध एकमेकांना छेदतात आणि तक्त्याला आणखी एक ओळ जोडावी लागते. श्रम वाचवायला आणलेल्या युक्तीचे ओझे असे वाढत जाते. आकृती काढणाऱ्या मुलाला तिन्ही प्रश्न एकाच प्रश्नासारखे दिसतात: मोठ्यातून छोटे वजा करा, आणि काही दोनदा मोजले असेल तर एकदा काढून टाका.

तक्त्याचा याहून मोठा दोष असा की तो दोन कल्पनांना दोन रकान्यांत कोंडतो. मधली रेघ ओलांडून त्या कधी भेटत नाहीत. प्लॉट घेणाऱ्याला विचारा. तीस बाय चाळीस आणि वीस बाय साठ, दोन्ही बाराशे चौरस फूट, दर तोच, किंमत तीच. पण पहिल्याला १४० फूट कंपाउंड बांधावे लागेल, दुसऱ्याला १६०. चारही बाजूंना समजा तीन-तीन फूट सामासिक अंतर सोडायचे आहे: पहिल्यावर २४ बाय ३४, म्हणजे ८१६ चौरस फूट बांधायला उरतात, दुसऱ्यावर १४ बाय ५४, म्हणजे ७५६. क्षेत्रफळ सारखे असताना साठ चौरस फूट कोणी खाल्ले? लांबुळक्या हद्दीने. हा प्रश्न 'परिमिती' या धड्यातला की 'क्षेत्रफळ' या धड्यातला? तक्त्याला तो विचारताच येत नाही.

दोन्हींची गल्लत फक्त मुलेच करतात असे कोणी समजू नये. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात ग्रीक इतिहासकार पॉलिबियस तक्रार करतो की लोक शहराचा आकार त्याच्या घेरावरून ठरवतात. मेगालोपोलिसचा घेर ५० स्टेडिया आणि स्पार्टाचा ४८, पण स्पार्टा दुप्पट मोठे आहे असे सांगितले की लोकांचा विश्वास बसत नाही. आणि कारण काय, तर लहानपणी शिकलेली भूमिती आपण विसरलो आहोत, असे तो म्हणतो. आपल्या काळातही चित्र फार निराळे नाही. लिपिंग मा यांच्या १९९९ सालच्या पुस्तकात शिक्षकांपुढे ठेवलेला एक प्रसंग आहे. विद्यार्थिनी सांगते की परिमिती वाढली की क्षेत्रफळही वाढते, हा नियम मी शोधला; पुरावा म्हणून ती ४ बाय ४ चा चौरस आणि ४ बाय ८ चा आयत दाखवते. तुम्ही तिला काय सांगाल? अमेरिकेतल्या २३ शिक्षकांपैकी फारच थोड्यांनी त्या नियमाची स्वतः गणिती तपासणी केली. चीनमधल्या ७२ पैकी बहुसंख्यांनी केली. तपासणी अशी काही मोठी नाही. ४ बाय ४ शेजारी ९ बाय १ चा आयत काढला की झाले: परिमिती १६ वरून २० वर गेली आणि क्षेत्रफळ १६ वरून ९ वर आले. आपल्या शिक्षक-प्रशिक्षणात हा प्रसंग जसाच्या तसा ठेवावा असे मला फार वाटते. तक्ता भिंतीवर टांगणाऱ्यांपैकी किती जण कागद पुढे ओढतील ते पाहता येईल.

आता कैवाऱ्यांच्या कारणांकडे.

वेळेचे कारण मी लवकर संपवतो, कारण ते आकर्षक दिसत असले तरी पोकळ आहे. पर्यायी प्रश्नांत चुकीचे पर्याय वाऱ्यावरून येत नाहीत. नेहमीच्या चुका गोळा करून ते बनवलेले असतात. रस्त्याच्या प्रश्नाखाली २७६ असेल तिथे २४४ आणि २६० असणारच. तक्तावाले मूल २० सेकंदांत २६० वर येते, ते पर्यायात दिसल्यामुळे आणखीच निर्धास्त होते आणि पुढे जाते. वेगाने चुकण्याला वेळेची बचत म्हणायचे असेल तर गोष्ट वेगळी. आकृती काढायला लागते अर्धे मिनिट.

भाषेचे कारण मात्र गंभीर आहे. गोंडी, कोरकू किंवा भिली बोलणाऱ्या घरातले मूल, किंवा ऊसतोडीबरोबर शाळा बदलत राहणारे मूल, "एका आयताकृती भूखंडाच्या सभोवताली" या चारच शब्दांत अडखळते, हे खरे आहे. ऑस्ट्रेलियात ॲन न्यूमन यांनी १९७७ मध्ये शाब्दिक उदाहरण सोडवताना मूल कोणत्या पायऱ्यांवर घसरते याची मांडणी केली: वाचणे, समजणे, समजलेल्याचे गणितात रूपांतर करणे, आकडेमोड, आणि उत्तर लिहिणे. बेरीज-गुणाकाराची पायरी चौथी आहे. आपल्याकडे मूल चुकले की थेट त्या चौथीचा सराव दिला जातो, आणि घसरगुंडी असते पहिल्या तिघींवर. इथपर्यंत मी आणि तक्त्याचे कैवारी एकाच बाजूला आहोत.

पण मग तक्ता काय करतो? वाचणे आणि समजणे या पायऱ्या सोप्या न करता काढूनच टाकतो. मुलाला सांगतो, वाक्य समजले नाही तरी चालेल, शब्द हेर. ज्या मुलाला भाषेची सर्वांत जास्त गरज आहे त्याचीच भाषा आपण अशी काढून घेतो. याची परिणती कुठे होते ते फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या गणित-शिक्षण संस्थेने १९८० च्या सुमारास पाहिले. प्राथमिक शाळेतल्या मुलांना विचारले होते: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांची काहीतरी बेरीज-वजाबाकी करून वय सांगितले. ती मुले वेडी नव्हती. गणिताच्या तासाला वाक्याला अर्थ नसतो, आकडे असतात आणि आकड्यांचे काहीतरी करायचे असते, एवढे ती शाळेतच शिकली होती. आपला तक्ता तेच शिकवतो, जरा नीटनेटक्या रकान्यांत.

आणि कच्चे म्हणवले जाणारे हे मूल कोणाचे असते? बहुधा शेतावरचे. त्याला बांध ठाऊक असतो, वाफा ठाऊक असतो, सरीला पाणी किती वेळ सोडायचे ते ठाऊक असते. आजोबांनी 'अर्धा एकर' म्हटले की केवढी जमीन ते त्याच्या पायांना कळते. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट, आणि असे चाळीस गुंठे मिळून एकर, हे शाळेच्या मैदानात फक्कीने आखून दाखवले तर त्याला सूत्र सांगावे लागणार नाही. उलट तेच तुम्हाला बांधावरून कोणाचे भांडण झाले ते सांगेल. एक गुंठा आखायचा, मग तेवढीच दोरी घेऊन तिचा लांबट आयत करायचा आणि आत किती मुले उभी राहतात ते पाहायचे. १३२ फुटांची दोरी तीच, चौरसात वर्ग मावतो, पट्टीत मावत नाही. त्यानंतर तोच प्रसंग मुलाच्या बोलीत सांगून घ्यावा, मग पुस्तकी मराठीत लिहून घ्यावा. भाषेचा आधार म्हणतात तो याला. याला वेळ लागतो ही तक्रार मला मान्य आहे, आणि अभ्यासक्रमातून दुसरे काही कमी करून तो दिला पाहिजे, हेही.

तिसरे कारण, उदाहरणे खोटी असतात. यावर कैवाऱ्यांना मी बरेच काही देऊन टाकतो. आपल्या उदाहरण-रचनाकारांची कल्पनाशक्ती 'एका आयताकृती बागेची' या तीन शब्दांवर थबकलेली आहे. शेताला फाटक नसते, शेजाऱ्याची भिंत आधीच बांधलेली नसते, तार एकपदरी असते, टाइल नेहमी पूर्ण बसते. 'शेताची लांबी रुंदीच्या तिप्पट असून परिमिती ८०० मीटर आहे' असे विचारले की शहाणे मूल मनात म्हणते, लांबी न मोजता परिमिती कशी कळली? हे कोडे म्हणून छान आहे. रुंदीच्या आठपट ८००, म्हणून १०० बाय ३००, म्हणजे तीन हेक्टर. कोडे म्हणून द्या, शेतकऱ्याला त्यात ओढू नका.

मात्र कल्पित असणे आणि खोटे असणे यांत फरक आहे. भास्कराचार्यांच्या ११५० मधल्या 'लीलावती'त वाऱ्याने मोडलेला बांबू आहे, सापावर झडप घालणारा मोर आहे, कमळ आहे, भुंगे आहेत. ते प्रश्न कोणाच्या रोजच्या व्यवहारात येत नव्हते, तरी ते खोटे नाहीत, कारण प्रत्येकात चित्र पुरे आहे आणि उत्तर त्या चित्रातूनच निघते. आणि जिथे चित्र पुरे नाही तिथे याच भास्कराचार्यांचा पारा चढलेला दिसतो. चौकोनाच्या फक्त चार बाजू सांगून, कर्ण किंवा लंब न सांगता, त्याचे ठरावीक क्षेत्रफळ विचारणाऱ्याला ते पिशाच म्हणतात, आणि उत्तर देणाऱ्याला त्याहून मोठे. पुढे उदाहरणही देतात: चारही बाजू २५. कर्ण ३० आणि ४० असतील तर क्षेत्रफळ ६००. कर्ण १४ आणि ४८ असतील तर ३३६. काटकोनात उभा असेल तर ६२५. परिमिती तिन्ही वेळा शंभर. चाळीसगावाजवळच्या पाटण इथल्या १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातवाने काढलेल्या मठाची नोंद आहे. त्याच जिल्ह्यातल्या मुलांना आज आपण खूणशब्दांचा तक्ता पाठ करायला लावतो, याला काय म्हणावे?

हा आठशेहून अधिक वर्षांपूर्वीचा राग आजही ताजा आहे, कारण ती चूक आजही व्यवहारात आहे. वेड्यावाकड्या प्लॉटच्या समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून दोन सरासरींचा गुणाकार करायचा, ही रीत दलालांच्या तोंडी सर्रास ऐकू येते. प्राचीन इजिप्तमध्ये एडफूच्या देवळाला दान दिलेल्या जमिनींचे हिशेबही असेच मांडलेले आहेत, आणि ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये ही रीत 'स्थूल' म्हणून बाजूला काढून सूक्ष्म रीत वेगळी दिली. स्थूल रीतीचा एक गुण लक्षात ठेवण्याजोगा आहे: ती कधीच कमी दाखवत नाही. आयत असेल तर बरोबर, एरवी नेहमी जास्त. विकणाऱ्याला ती का आवडते ते यावरून कळावे. गवंडी मात्र अशा हिशेबावर विसंबत नाही. पाया आखताना तो गुण्या लावतो, किंवा दोरीवर तीन, चार आणि पाच फुटांच्या खुणा करून कोपरा जुळवतो. कोपरा चुकला तर पुढचे सगळे चुकते हे त्याला धंद्याने शिकवलेले असते.

म्हणून शिष्यवृत्तीच्या आणि इतर परीक्षांच्या प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांकडे माझे एकच मागणे आहे. क्षेत्रफळ-परिमितीवरच्या दर काही प्रश्नांत एक प्रश्न असा ठेवा, ज्यात खूणशब्द उलट्या बाजूला ओढतो, आणि एक असा, ज्यात दिलेली माहिती पुरतच नाही. दोन वर्षे असे झाले की तक्ते आपोआप उतरतील. गाइडवाले परीक्षेमागे जातात, शास्त्रामागे नाही. नमुना म्हणून हा घ्या. एका चौकोनी प्लॉटच्या बाजू क्रमाने ४०, ३०, ४० आणि ३० फूट आहेत. दर प्रति चौरस फूट २,००० रुपये. प्लॉटची किंमत किती? पर्याय: २ लाख ८० हजार, १२ लाख, २४ लाख, माहिती अपुरी. तक्त्यावर वाढलेले मूल 'प्लॉट' आणि 'चौरस फूट' हे शब्द हेरून २४ लाखांवर खूण करील. बरोबर उत्तर चौथे आहे. समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोरी धरून कर्ण ५० फूट भरला तरच प्लॉट बाराशे चौरस फुटांचा. तो ४५ भरला तर क्षेत्रफळ जेमतेम ११७६, आणि विकणारा सुमारे ४७ हजार रुपये जास्त मागतो आहे.